तळ्याचा कौल

"रंग चढलाच न्हाई तर?" काकू विचारत होती.

"न चढल्यालं तू कधी बघितलंस का?" हा आत्याचा आवाज.

"न्हाई बघितलं, म्हणूनच इचारायले."

"मग नको इचारू. लाट्या सुकायल्यात, हात चालव."

मी दुकानामागच्या कोठीत उभी होते. पापडखार आणायला मला पाठवलं होतं. डबा केव्हाच हाताला लागला होता, पण बाहेरचं बोलणं संपेपर्यंत बाहेर पडणं मला अवघड वाटलं. त्या वयातला माझा बराच काळ असा दाराआड थांबण्यात गेला. सेलूला आमचं किराणा दुकान रस्त्यावर होतं आणि घर त्याच्या पाठीमागे, लांबच लांब, खोलीतून खोली निघत गेलेलं. एका टोकाला कुणी कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ते कळे, त्यामुळे घरात गुपित असं फारसं काही नव्हतं. जिनिंगचे दिवस असले की सरकीचा वास आणि कापसाची उडती तूस घरभर असे. स्वयंपाकघरातल्या कळशीवर फडकं बांधावं लागे. गाडीची शिटी झाली की आत्या न चुकता म्हणायची, "आली बाई एकदाची," जणू त्या गाडीत आमचंच कुणी बसलेलं आहे.

खरं तर त्या घरात मी पाहुणी होते. वडील नोकरीनं हैदराबादला, माझी शाळा तिथली, इंग्रजी माध्यमाची, आणि पुढं कॉलेजसाठी मी औरंगाबादला होस्टेलवर आलेली. नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बेमुदत बंद झालं आणि दोन दिवसांत होस्टेल रिकामं करायला सांगितलं. माझ्या खोलीतली मैत्रीण तर निरोपसुद्धा न घेता निघून गेली. तिच्या गावातल्या वस्तीवर काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या घरी तो विषय निघाला की काका रेडिओचा आवाज कमी करत आणि हवापाण्याबद्दल बोलू लागत. तेव्हा मला तो समजूतदारपणा वाटायचा. आज तसं वाटत नाही. तर अशी मी काही दिवसांसाठी म्हणून काकांकडे आले आणि उन्हाळा लागेपर्यंत राहिले. माझं मराठी पुस्तकी होतं. पहिल्याच दिवशी मी जेवताना "मला थोडं पाणी मिळेल का?" असं म्हणाले आणि सगळे हसले. काकांनी मला 'आकाशवाणी' असं नाव ठेवलं. प्रेमानंच ठेवलं, पण त्यानंतर मी लागेल तेवढंच बोलू लागले. त्यावरही काका म्हणत, "आज केंद्र बंद दिसायलंय."

घराची सूत्रं आत्याकडे होती. ती माझ्या वडिलांची मोठी बहीण, ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आलेली, अंगानं किरकोळ, पण तिच्या परवानगीशिवाय लोणच्याची बरणीसुद्धा उघडत नसे. पापडाच्या दिवसांत तर तिला वेगळंच तेज चढायचं. उडदाचं पीठ मळून तेलाचा हात लावून मुसळानं कुटायचं, ते लोण्यासारखं मऊ झालं की दोऱ्यानं कापून लाट्या पाडायच्या. मग आम्ही बायका पोळपाटं घेऊन गोल बसायचो. रेघांच्या लाटण्यांचा तो खरखर आवाज, त्यावर बांगड्यांचा, मधूनच कुणाचा तरी हसण्याचा, असं दुपारभर चाले. कच्ची लाटी तेलात बुडवून खायची ती चव मला पुढं कुठल्याही मिठाईत मिळाली नाही. त्या पापडात पडणारा खार लोणारच्या तळ्याचा असावा असा आत्याचा हट्ट होता. बाजारात दुसरा मिळायचा, स्वस्त आणि पांढराशुभ्र, पण तो तिच्या हिशेबी खारच नव्हे. "देवीच्या पायाखालचा हाय तो," ती म्हणायची. "फुगतो कसा बघ पापड."

आणि त्याच तळ्याचा कौल आता शकुताईच्या लग्नासाठी घ्यायचा होता. शकुताई म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. आमच्या घराण्याची देवी लोणारची कमळजा. तिचं देऊळ तळ्याच्या काठाला आहे. आमच्यात रीत अशी की मुलीचं स्थळ दोन्हीकडून पसंत पडलं तरी सुपारी फोडण्याआधी मुलीला तळ्यावर न्यायचं. तिनं स्वतः दळलेली हळद बरोबर घ्यायची. तळ्यात उभं राहून तिच्या तळहातावर हळद ठेवायची आणि तळ्याचंच पाणी घालून चोळायची. पिवळ्याचं लाल झालं की देवीनं कुंकू दिलं. मग सुपारी. लाल झालं नाही तर स्थळ सोडायचं, असं आत्या सांगे. पण तसं कुणाच्या बाबतीत झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

स्थळ बोरीचं होतं. घरची शेती, आणि मुलानं म्हशी पाळून दुधाचा धंदा सुरू केलेला. बघायला आला तेव्हा सगळे नेहमीसारखे अवघडून बसले होते. शकुताईनं चहा ठेवला. मुलानं कप उचलला आणि विचारलं, "तुमाला शेणाच्या वासाची तकलीफ तर न्हाई ना?" शकुताई खाली बघतच म्हणाली, "अजून तरी झाली न्हाई. तुमी आल्याला अर्धा तास झाला." काकूचा चेहरा पांढरा पडला. आणि मग तो मुलगा असा हसला की चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. याआधीची स्थळं शकुताईच्या तोंडाळपणावरूनच मोडली होती. हा मात्र जाताना दारात थांबून काकांना म्हणाला, "आमच्याकडून हो हाय. घरात कुणी बोलणारं पायजेच." त्या दिवसापासून शकुताई पापड लाटताना गुणगुणायला लागली. एकदा माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "नंदे, हे झालं न्हाई तर मी पुन्हा कुणापुढं चहाचा कप धरणार न्हाई. बसेन आत्यासारखी खारावर हुकूम चालवत." ती हसत होती, पण तिच्या हातातलं लाटणं थांबलेलं होतं.

मी मात्र मनातून निर्धास्त होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही हळदीच्या कागदावर सोड्याचं पाणी टाकलं होतं. कागद लालभडक झाला होता. तळं खाराचं, म्हणजे सोड्याचंच, हळद पिवळी, तेव्हा लाल होणारच. ज्या प्रश्नाला एकच उत्तर आहे तो विचारायला एवढी जीप ठरवून कशाला जायचं, असं मला वाटे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं धाडस नव्हतं आणि गरजही नव्हती. पुढं बऱ्याच वर्षांनी काकूला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, हळदीच्या डागाला साबण लावला की लाल व्हतो, हे धुणं धुणाऱ्या बाईला सांगायलीस का तू? पण धुण्याचा दगड येगळा, देवीचं तळं येगळं." तिचं म्हणणं मला आजही पूर्ण कळलंय असं नाही, पण ते खोडावंसंही वाटत नाही.

आम्ही पहाट सरता सरता निघालो. जीपमध्ये पुढे काका, मागे आम्ही चौघी, मांडीवर धपाट्यांचा डबा आणि दह्याची बरणी. कौल दुपार कलायच्या आत घ्यायचा असतो म्हणून आत्याला घाई होती. आणि नेमकं मंठ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. चाक बदलेस्तोवर आम्ही बाभळीखाली बसून धपाटे खाल्ले. काका तळ्याची गोष्ट सांगत होते. लोणासुर नावाचा राक्षस जमिनीत भुयार करून राहायचा, वर झाकण ठेवायचा. देवानं अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला आतच मारला. त्याचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी, त्याचं मांस म्हणजे खार.

"म्हणजे आपण पापडात राक्षस खायलो," शकुताई म्हणाली.

"तू तर दोन खातीस जेवताना," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय आकाशवाणी, तुमच्या पुस्तकात काय लिवलंय?"

"आकाशातून उल्का पडली," मी म्हणाले.

"घ्या. वरून पडलं का खालून निघालं, खड्डा तर पडलाच की न्हाई?"

आत्यानं तिकडे लक्षही दिलं नाही. ती रस्त्याकडे बघत होती. मी तिला हळूच विचारलं, तुमच्या वेळी कशी होती हळद? ती सहसा स्वतःबद्दल बोलत नसे, पण तेव्हा बोलली. "लाल झाली. अशी लाल की धुतली तरी जाईना. आन् वर्षात सगळं संपलं." मग म्हणाली, "देवीनं दिलं व्हतं, बाई. राखायचं तिच्या हातात न्हवतं."

लोणारला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं. सपाट माळावरून, वावरांमधून चालत जावं आणि पायाखालची जमीन एकदम संपावी, असं ते ठिकाण आहे. खाली मोठी गोल वाटी, तिच्या कडांना दाट झाडी, आणि तळाशी पाणी. असं हिरवं पाणी मी कुठंच पाहिलं नव्हतं. मेथीच्या भाजीचं पाणी काढावं तसं. एवढं पाणी, पण त्यावर एक होडी नाही, जाळं टाकून बसलेला माणूस नाही, ढोर प्यायला आलेलं नाही. मोरांचे आवाज तेवढे खालून येत होते. मी कठड्यापाशी उभी राहून बघत राहिले. सगळं तळं एका रंगाचं होतं, फक्त आमच्या बाजूच्या काठाला एक फिकट पट्टा होता, पंख्यासारखा पसरलेला. तो बघितला आणि विसरले.

आधी धारेवर आंघोळ. कड्याच्या वरच्या अंगाला गोमुखातून गोड पाण्याची धार पडते, बारमाही. तिच्याखाली उभं राहिल्याशिवाय देवीपुढं जायचं नाही. बायकांची गर्दी, ओल्या लुगड्यांची फडफड, कुणाचं तरी रडणारं पोर. आत्यानं मला हाताला धरून धारेखाली ढकललं. पाणी इतकं गार की मी किंचाळले. "केंद्र लागलं!" शकुताई ओरडली, आणि तिथल्या अनोळखी बायकाही हसल्या. मीसुद्धा हसले. त्या सकाळचं सगळ्यात स्पष्ट काही आठवत असेल तर ते हे हसू.

मग आम्ही खाली उतरू लागलो. धारेचं पाणी ओढ्यासारखं वाटेच्या कडेनं आमच्याबरोबरच खाली चाललं होतं. त्या पाण्यावर कुणीतरी केळी लावल्या होत्या. पडक्या देवळांच्या मधून वाट काठाला पोचते. तिथून कमळजेच्या देवळापर्यंत काठाकाठानं बरंच चालायचं असतं. आत्याचे गुडघे उतरतानाच बेजार झाले होते. काठाला आल्यावर ती एका दगडावर बसली आणि तिनं सूर्याकडे बघितलं. पलीकडचा काठ चिखलाचा होता, त्यावर हिरवी साय आलेली, आणि वारा तिकडून आला की सडक्या अंड्यासारखा वास येई. आम्ही उभ्या होतो तिथं मात्र पाणी नितळ होतं. तळाचे खडे दिसत होते.

"इथंच घ्या," आत्या म्हणाली.

"देवळापुढं घ्यायचं ना?" काकू म्हणाली.

"ऊन कलायलंय. तळं एकच, देवी एकच. आन् त्या घाणीत लेकराला उभी करतीस का? देवीचं काम स्वच्छ पाण्यात व्हावं."

काकूला ते पटलं. आमच्या घरात देवाच्या कामाला पाणी दोनदा गाळून घेत. शकुताई लुगडं वर खोचून पाण्यात उतरली. आत्या हळदीला हात लावत नसे, ती दगडावरूनच सांगत होती. काकूनं पुडी सोडली, शकुताईच्या तळहातावर चिमूट ठेवली, ओंजळीनं पाणी घातलं आणि अंगठ्यानं चोळायला लागली. काका टोपी काढून उभे राहिले. मी काठावर होते, चपला हातात घेऊन, आणि कुतूहलानं बघत होते, जसं प्रयोगशाळेत बघतात तसं.

हळद पिवळीच राहिली.

काकूनं अजून पाणी घातलं. अजून चोळलं. मग नवी चिमूट घेतली. पिवळी. ओली होऊन उलट जास्तच पिवळी दिसत होती, झेंडूसारखी. घाईत काकूच्या हातातली पुडी कलंडली आणि उरलेली हळद पाण्यात सांडली. तीही पिवळीच पसरत गेली. शकुताई हात तसाच उघडा धरून उभी होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

हे लिहायला बसले तेव्हा मी तिला बोरीला फोन केला. विचारलं, त्या वेळी तुझ्या मनात काय आलं होतं? ती म्हणाली, "म्हटलं, आता त्या म्हशींचं कोण बघणार!" मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "कुणाची म्हस?" "तुमचीच," ती म्हणाली, "नंदा हाय फोनवर." आम्ही पुष्कळ वेळ हसलो. पण त्या दुपारी ती हसत नव्हती. त्या दुपारी ती त्या स्थळाचा निरोप घेत होती, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"झालं," आत्या म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "निरोप धाडू बोरीला. वर या."

माझी पहिली भावना सांगायची तर ती दुःखाची नव्हती. मला धक्का बसला होता. असं होऊच शकत नव्हतं. एकच उत्तर असलेल्या प्रश्नाला दुसरं उत्तर आलं होतं, आणि क्षणभर मला खरोखर वाटलं की देवीनं नाही म्हटलं. मग पाय धुवायचं निमित्त करून मी पाण्यात वाकले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर एक लहानसं बेडूक टुणकन उडालं आणि पाण्यात गेलं.

मी तिथंच वाकून राहिले. वरून पाहिलेलं ते तळं, ज्यात एक मासा नाही, एक ढोर तोंड घालत नाही, त्यात हे बेडूक कुठून? काकांनी वाटेत सांगितलं होतं, तळ्याच्या पाण्यात बोटं चोळली तर साबणासारखी सटकतात, कपडे बिनसाबणाचे निघतात. मी बोटं चोळली. सटकली नाहीत. मागं वळून पाहिलं तर आमच्याबरोबर खाली आलेला तो ओढा केळींमधून निघून आमच्याच पायाशी तळ्याला मिळत होता. वरून दिसलेला फिकट पट्टा तो हाच. मी ओंजळ तोंडाला लावली. सकाळी धारेखाली नाकातोंडात गेलं होतं तेच पाणी होतं.

काका आत्याला हात देऊन उठवत होते. काकू पुडीचा कागद घडी करत होती, नको इतकी काळजीपूर्वक. कळलेलं सांगायला मला शब्द सापडेनात. सोडा, प्रयोगशाळा, हळदीचा कागद, सगळं इंग्रजीत तोंडाशी आलं आणि तिथंच अडलं. ते मराठीत कसं सांगायचं हे मला माहीत नव्हतं. आणि सांगितलं असतं तर शकुताईचं लग्न वाचलं असतं, पण आत्याच्या हातावर ऐन विशीत चढलेला तो लाल रंग मी पुसून टाकला असता. तो मला पुसायचा नव्हता. शिवाय आत्याला चूक म्हणणं. त्या घरात आत्याला कुणी चूक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, काकांनीसुद्धा नाही. मी त्या घरात पाणी मागायलाही दबकत होते. शकुताई पाण्यातून बाहेर यायला वळली. अजून एका पावलात ती काठावर आली असती, मग वाट, मग जीप, मग निरोप.

मी उभी राहिले. माझा आवाज त्या खोलगट वाटीत मी ठरवला होता त्याहून कितीतरी मोठा निघाला. पलीकडचे बगळे उठले, आणि चौघंही माझ्याकडे वळली.

"थांब शकुताई, हात धुऊ नकोस! आत्या, देवी नाही म्हणाली नाही. आपण अजून तिला विचारलंच नाही. हे धारेचं पाणी आहे, गोडं. तळं तिकडं आहे, जिथं घाण वास येतो तिथं."